जाऊन येते

आमच्या घरात 'जाते' हा शब्द उच्चारायला बंदी होती. शाळेला निघताना, बाजाराला निघताना, अगदी कोपऱ्यावरच्या गिरणीत दळणाचा डबा घेऊन जातानाही 'येते' असंच म्हणायचं. चुकून 'जाते गं आजी' असं तोंडून गेलं, की स्वयंपाकघरातून हाक यायची, "जाते काय? परत आत ये, आणि येते म्हणून नीघ." मग चपला काढून उंबऱ्याच्या आत यायचं, पुन्हा चपला घालायच्या आणि 'येते' म्हणून निघायचं. शाळेची घंटा झाली असली तरी यात सूट नसे.

बेळगावात, शहापुरात आमचं घर. भिंतीला भिंत लागून अक्कांचं घर, ते कानडी. त्यांच्याकडेही कायदा हाच. तिथली मुलं 'होगि बर्तीनि' म्हणून निघत, म्हणजे 'जाऊन येते'. आणि आतून उत्तर येई, 'होगि बा', जाऊन ये. माझी आजी देवाशी मराठीत आणि भाजीवालीशी कानडीत भांडत असे. त्यामुळे हा नियम तिच्या मते दोन भाषांचा नव्हताच, तो माणसांचा होता. जगात सगळीकडे लोक असंच म्हणत असणार, याबद्दल तिला शंका नव्हती.

तिचं खरं निघेल, असं मला वाटलं नव्हतं.

१९९६ च्या एप्रिलमध्ये मी एका वर्षासाठी जपानला गेले. पुण्यात शिकत असताना जपानी भाषेचा नाद लागला होता. विद्यार्थी-देवाणघेवाणीच्या एका योजनेत माझी निवड झाली आणि गाव मिळालं ओकायामा. जपानी शैक्षणिक वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि मार्चला संपतं. निघायच्या रात्री आजीनं माझ्या तळहातावर दही घातलं. ते चाटून मी वाकले आणि म्हणाले, "येते." ती म्हणाली, "ये. आणि आल्यावर आधी माझ्याकडे ये, मग देवाकडे." अक्का दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "होगि बा." सामानात कुंद्याचा डबा होता. तो ओकायामापर्यंत टिकला, तिथे मात्र दोन दिवसही टिकला नाही.

जपानी भाषा शिकताना मराठी माणसाला एक गंमत कळते. त्यांची मुळाक्षरं आ, इ, उ, ए, ओ अशी सुरू होतात आणि पुढे का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा अशी जातात. बौद्ध भिक्षूंनी संस्कृतच्या अभ्यासाबरोबर आपला वर्णक्रम तिथे नेला, त्याची ही खूण. क्रियापद आपल्यासारखंच, कानडीसारखंच, वाक्याच्या शेवटी येतं. 'छान आहे ना' मधला आपला 'ना' तिथे 'ने' होऊन बसलेला. तू, तुम्ही, आपण यांचे मानपान तर आपल्याहून काकणभर जास्तच. फक्त 'ळ' नाही. ज्यांच्या घरी मी राहत होते त्या घरच्या आईला, म्हणजे ओकाआसानला, बेळगाव काही म्हणता येईना. ती 'बेरुगावु' म्हणायची. मीही पुढे तसंच सांगू लागले.

तिथल्या पहिल्या सकाळी त्या घरातला मुलगा दप्तर घेऊन निघाला. दारात, बूट काढायच्या खोलगट जागेत उभा राहून तो ओरडला, "इत्ते किमासु!" आतून ओकाआसान ओरडली, "इत्ते राश्शाई!" हे शब्द मी पुस्तकात वाचलेले होते. पण कानांवर पडल्यावर एकदम लख्ख झालं. इत्ते म्हणजे जाऊन. किमासु म्हणजे येतो. जाऊन येतो. आणि उत्तर, जाऊन ये. अक्कांच्या घरातलं 'होगि बर्तीनि' आणि 'होगि बा' शब्दाला शब्द तिथे उभं होतं. मी त्याच दिवशी आजीला पत्र लिहिलं, की तू म्हणतेस ते खरं आहे, इथेही 'जाते' चालत नाही. बाबांनी कळवलं, की ते पत्र आजीनं अक्कांना, दूधवाल्याला आणि पोस्टमनला वाचून दाखवायला लावलं.

त्या वर्षाविषयी लिहायला बसले तर पानं पुरणार नाहीत. मी आज लिहिते आहे ते त्या वर्षाच्या शेवटाविषयी.

फेब्रुवारीत परीक्षा संपल्या आणि निरोपांचा मोसम सुरू झाला. जपानात निरोपही रीतसर असतो. वर्गातल्या मुलींनी पाठवणीचं जेवण ठेवलं. एका चौकोनी जाड पुठ्ठ्यावर सगळ्यांनी गोल फिरवून चार-चार ओळी लिहिल्या, मधोमध माझं नाव. शेजारच्या आजोबांनी पाकिटात घालून प्रवासाचे पैसे दिले, आपल्याकडे पाहुण्या मुलीच्या हातात ठेवतात तसे. सायकल परत केली, बँकेतलं खातं बंद केलं. ओकाआसान मात्र दुकानांतून टिश्यूपेपर, साबण आणि सोया सॉसच्या बाटल्या आणून कपाटात रचत होती. १ एप्रिल १९९७ पासून खरेदीवरचा कर ३ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर जाणार होता आणि सगळं ओकायामा त्याच कामात होतं. मी सामान बांधते आहे आणि ती साठवते आहे, असं ते दृश्य होतं.

याच दिवसांत मी रेल्वेचं एक तिकीट काढलं. त्याचं नाव 'सेइशुन ज्यूहाचि किप्पु', म्हणजे 'तारुण्य अठरा तिकीट'. नाव तसं असलं तरी वयाची अट नाही. शाळा-कॉलेजांच्या सुट्टीत ते निघतं. तेव्हा किंमत ११,३०० येन होती. त्यात पाच दिवस, साध्या गाडीनं, देशभर कुठेही फिरायचं. जलद गाड्या आणि शिंकान्सेन वर्ज्य. तिकिटावर पाच शिक्के मारायला जागा. पाच दिवस सलग असायची गरज नव्हती, आणि हवं तर दोघींनी एकाच दिवशी दोन शिक्के मारून जाता येत असे. २०२४ च्या हिवाळ्यापासून नियम बदलला, आता दिवस सलगच लागतात आणि तिकीट एकाच माणसाचं. माझ्या गोष्टीला जुना नियमच हवा होता.

पहिला शिक्का हिरोशिमाचा. ओकायामाहून सुमारे १६० किलोमीटर, साध्या गाडीनं तीन तास. ६ ऑगस्ट १९४५ च्या सकाळी ८ वाजून १५ मिनिटांनी बॉम्ब पडला तेव्हा जवळच असूनही उभी राहिलेली ती घुमटाची इमारत नुकतीच, डिसेंबर १९९६ मध्ये, जागतिक वारशाच्या यादीत गेली होती. ती पाहून माणूस गप्प होतो, मीही झाले. पण माझ्या मनात राहिली ती ट्राम. बॉम्ब पडल्यानंतर तिसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, शहरातल्या एका तुकड्यावर ट्राम पुन्हा धावू लागली होती. त्या शहरातून ट्रामनं जाताना हे आठवत राहिलं. संध्याकाळी घरी येऊन आजीला कार्ड लिहिलं, "इथे सगळं जळून गेलं होतं, तरी तिसऱ्या दिवशी गाडी सुरू केली. तू असतीस तर म्हणाली असतीस, चूल पेटवल्याशिवाय सुतक कसं फिटणार."

दुसरा शिक्का समुद्रापलीकडच्या ताकामात्सुचा. सेतो सामुद्रधुनीवरचा तो प्रचंड पूल १९८८ च्या एप्रिलमध्ये खुला झाला, वरून मोटारी आणि खालून आगगाडी. त्याआधी आगगाडीतून उतरून बोटीनं पलीकडे जावं लागे. ११ मे १९५५ ला धुक्यात दोन बोटींची टक्कर झाली आणि १६८ माणसं बुडाली. त्यांत शाळेच्या सहलीला निघालेली पुष्कळ मुलं होती. त्यानंतर पुलाच्या मागणीनं जोर धरला. हे मला घरच्या वडिलांनी, ओतोओसाननं, आदल्या रात्री सांगितलं होतं. ते एरवी फार बोलत नसत. त्या मुलांच्या आयांनीही सकाळी 'इत्ते राश्शाई' म्हटलं असेल, असं काहीसं ते पुटपुटले आणि उठून गेले. पुलावरून गाडी जाताना खाली बेटं दिसत होती आणि मला तेवढंच ऐकू येत होतं. त्याही दिवशी आजीला कार्ड लिहिलं.

तिसरा शिक्का क्योतोचा. वाटेत कोबे लागलं. तिथला भूकंप १७ जानेवारी १९९५ चा, पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांचा. सहा हजारांहून अधिक माणसं गेली. दोन वर्षं होऊनही रुळांच्या कडेला घरांमध्ये घरं नसलेल्या जागा होत्या, पडलेल्या दातांसारख्या. समोर बसलेल्या म्हाताऱ्या बाईंनी मी कुठली म्हणून विचारलं. मी म्हटलं, भारतातली, आमच्याकडेही ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटेच भूकंप झाला होता, किल्लारीला, आम्ही कॉलेजातून कपडे गोळा करून पाठवले होते. त्यांनी पिशवीतून एक संत्रं काढून माझ्या हातात ठेवलं. पुढल्या स्टेशनवर उतरताना मला वाकून नमस्कार केला. मी त्यांना काय दिलं होतं, ते मला आजही कळलेलं नाही. क्योतोची देवळं पाहिली, पण त्या रात्रीच्या कार्डावर मी संत्र्याबद्दलच लिहिलं.

तिन्ही कार्डं मी ओकाआसानकडे दिली होती. परदेशी कार्डाला ७० येनचं तिकीट लागे. ती म्हणाली होती, "मी बाजाराला जातेच आहे, पेटीत टाकते."

उरले दोन शिक्के. ओकाआसान म्हणाली, "हे दोन मला दे. एक तुझा, एक माझा. माझ्या माहेरी जाऊ." तिचं माहेर त्सुयामा, उत्तरेला डोंगरात. मार्चमध्ये दिवस आणि रात्र सारखे होतात त्या सुमाराचे सात दिवस जपानात 'हिगान' म्हणून पाळतात. हिगान म्हणजे पैलतीर. त्या आठवड्यात घरोघरची माणसं आपल्या पूर्वजांच्या थडग्यांना जातात, दगड धुतात, फुलं ठेवतात. आपला पितृपक्ष भाद्रपदात एकदा, त्यांचं हे वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात. नैवेद्यही ठरलेला. शिजवलेल्या भाताचे गोळे करून त्यांवर लाल चवळीसारख्या दाण्यांचं गोड पुरण लिंपतात. वसंतात त्याला एका फुलाचं नाव, शरदात दुसऱ्या फुलाचं. पदार्थ तोच.

डिझेलच्या दोन डब्यांच्या गाडीनं आम्ही नदीच्या काठाकाठानं वर गेलो, दीडएक तास. त्सुयामाला किल्ल्याचे नुसते दगडी तट उरले आहेत आणि त्यांवर चेरीची झाडं. फुलायला अजून अवकाश होता, फांद्यांवर टाचणीच्या डोक्याएवढ्या कळ्या होत्या. ओकाआसानच्या भावाचं घर जुनं, लाकडी. आम्ही थडग्यावर जाऊन आलो. तिनं पळीनं दगडावर पाणी घातलं, मी फुलं दिली. घरी आल्यावर तिनं मला देवघराच्या खोलीत नेलं. ते लाकडी कपाटासारखं देवघर पूर्वजांचं असतं. वर भिंतीवर तिच्या आईवडिलांचे फोटो होते.

ती माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली. पर्स उघडून तिनं तीन कार्डं काढली आणि चटईवर ओळीनं ठेवली. हिरोशिमा, ताकामात्सु, क्योतो. तिकिटं लावलेली, शिक्का नसलेली.

"ही मला पाठवता आली नाहीत," ती म्हणाली.

आजी संक्रांतीच्या आठवड्यात गेली होती. बाबांनी ओतोओसानना इंग्रजीत पत्र लिहून कळवलं होतं, की परीक्षा तोंडावर आहे, पोरगी एकटी आहे, तेराव्यालाही ती पोचू शकणार नाही, तेव्हा योग्य वेळ पाहून तुम्हीच सांगा. ते पत्र ओतोओसाननी ऑफिसातल्या कुणाकडून समजून घेतलं होतं. परीक्षा झाली, मी तिकीट काढलं, नकाशा पसरून बसले, आणि तिला सांगवेना. दोन महिने ती बाई माझ्यासमोर जेवत होती, माझे कपडे वाळत घालत होती आणि हे पोटात ठेवून होती.

मला दुःख नंतर झालं, आधी राग आला. बाबांचा, तिचा, त्या ७० येनच्या तिकिटांचा. मेलेल्या माणसाला मी तीन पत्रं लिहिली आणि ती तुम्ही बघत राहिलात, असं काहीतरी मी बोलले, अर्धं जपानीत, अर्धं मराठीत. तिनं उत्तर दिलं नाही. तिनं कार्डं उचलून देवघरात, तिच्या आईच्या नावाच्या पाटीशेजारी ठेवली, उदबत्ती लावली आणि मला विचारलं, "त्यांचं नाव काय?" मी सांगितलं. आजीच्या नावात 'ळ' होता. ओकाआसाननं तीनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा बऱ्यापैकी जमला. मग मी रडले.

परतीच्या गाडीत आम्ही बोललो नाही. ओकायामा जवळ आल्यावर ती एवढंच म्हणाली, "माझी आई गेली तेव्हा मला लगेच कळवलं होतं. तरी पोचेपर्यंत उशीरच झाला." बाबांचं बरोबर होतं का, हे मी आजही सांगू शकत नाही. पुढे माझ्यावर असा प्रसंग आला असता तर मी काय केलं असतं, तेही नाही.

आठवड्यानं मी निघाले. जपानीत कायमचं घर सोडताना म्हणायचं वाक्य वेगळं असतं. 'ओसेवा नि नारिमाशिता', म्हणजे तुमच्या देखभालीत राहिले, उपकार झाले. लग्न होऊन जाणारी मुलगी आईबापांना हेच म्हणते. 'सायोनारा' घरच्या माणसांत कुणी म्हणत नाही. त्याचा मुळातला अर्थ 'असंच असेल तर मग' एवढाच आहे. मी ते उपकाराचं वाक्य रात्री पाठ केलं होतं. दारातल्या खोलगट जागेत बूट घालून, वळून, वाकून म्हणू लागले, तर ओकाआसाननं मध्येच हात वर केला.

"ते नको. रोजचं म्हण."

मी म्हटलं, "इत्ते किमासु."

ती म्हणाली, "इत्ते राश्शाई."

बेळगावात घरी पोचल्यावर मी आधी आजीच्या खोलीत गेले, मग देवाकडे. खोलीत तिची काठी होती. अक्का मागून आल्या आणि काही न बोलता माझ्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

'जाऊन येते' म्हणणं सोपं. नोकरी, लग्न, मुलगा, सासूबाईंचं आजारपण. दर जानेवारीत ओकाआसानचं नववर्षाचं कार्ड यायचं. मी मराठीत 'तिळगूळ घ्या' लिहून खाली जपानीत अर्थ लिहायची. ओतोओसान गेल्याचं असंच कार्डावरून कळलं. शेवटी २०१७ च्या मार्चमध्ये, बरोबर वीस वर्षांनी, मी त्या दारात उभी राहिले. घरी परतलेला माणूस म्हणतो ते म्हटलं, "तादाइमा." आले. ती भिंतीचा आधार घेत बाहेर आली. सत्त्याहत्तर वर्षांची. म्हणाली, "ओकाएरि." आलीस. आणि मग, "उशीर केलास हं."

पाच दिवस राहिले. त्सुयामाच्या देवघरात ती तीन कार्डं अजून होती, कडा पिवळ्या झालेल्या. निघताना पुन्हा 'इत्ते किमासु' म्हटलं. या वेळी लवकर येईन, असंही म्हटलं.

२०२० च्या वसंतात जायचं ठरवलं होतं, तोवर करोना आला आणि जपाननं दारं लावून घेतली. त्या काळात पुण्याला गेले की सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात जाऊन बसायची. ओकायामाची ती १७०० साली पुरी झालेली प्रसिद्ध बाग नजरेसमोर ठेवून ते केलेलं आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये जपाननं सर्वसामान्य प्रवाशांना पुन्हा दार उघडलं. मी २०२३ च्या मार्चचे बेत करू लागले. डिसेंबरात कार्ड आलं, पण ते नववर्षाचं नव्हतं. ज्या घरी वर्षात कुणी गेलं असेल ते घर वर्ष संपण्यापूर्वी फिकट रंगाचं एक कार्ड पाठवतं, की यंदा आमच्याकडे दुखवटा आहे, शुभेच्छा पाठवत नाही, क्षमा असावी. आपल्याकडे पहिल्या दिवाळीला आकाशकंदील लावत नाहीत, तसंच. खाली त्या मुलाची सही होती, जो एकेकाळी दप्तर घेऊन ओरडत निघायचा.

आता माझ्या नावावर दोन 'येते' आहेत. एक आजीला म्हटलेलं, एक ओकाआसानला. दोन्हींपैकी एकही पुरं करायची सोय उरलेली नाही.

मुलगा बंगळूरला नोकरीला असतो. गेल्या दिवाळीला येऊन परत निघाला, पाठीवर पिशवी, कानात ते यंत्र, आणि दारातून हात हलवून म्हणाला, "चल आई, जातो." मी त्याला परत आत बोलावलं. बूट काढायला लावले. तो वैतागला, गाडीची वेळ झाली होती. तळहातावर दही घातलं. "येतो," तो म्हणाला. भिंतीपलीकडून अक्कांच्या सुनेनं ऐकलं आणि तिकडून आवाज दिला, "होगि बा."